सकाळी पोट दुखतं म्हणून शाळेत न जाणारा मुलगा: नागपुरात कुठे दाखवायचं, आणि तोवर घरी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतर पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. तुम्ही मानेवाड्याला राहता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत जेमतेम चार-पाच दिवस गेला. रोज सकाळी पोटात दुखतं, मळमळतं, कधी उलटी होते. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. त्याचे बाबा म्हणतात नाटकं आहेत, दोन रट्टे दिले की जाईल. सासूबाई म्हणतात पोराला दृष्ट लागली. शाळेने ‘काउन्सेलरला दाखवा’ एवढं सांगून हात झटकले. आणि तुम्ही विचारता आहात: नागपुरात मुलांसाठी कोणाकडे जावं, मनाच्या डॉक्टरकडे नेलं तर त्याच्या नावावर कायमचा शिक्का बसेल का, आणि गोळ्या सुरू झाल्या तर त्या सुटतील का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नागपुरातच मुलं आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर काम करते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. घरातल्या तीन मोठ्या माणसांनी त्या पोटदुखीचे तीन अर्थ लावलेत आणि ते तिन्ही रोज सकाळी त्याच्या कानावर पडतात. मग आधी घरात एकमत होऊ दे, नंतर चांगला डॉक्टर शोधू, नंतर शाळेचं बघू, अशा क्रमाने दिवस जातात. या त्रासात दिवस जाणं फार महाग पडतं. म्हणून माझा आग्रह असा, की घरात सगळ्यांना पटायची वाट बघू नका आणि उत्तमातला उत्तम डॉक्टर मिळेपर्यंतही थांबू नका. शाळेशी त्याचा जो काही संबंध उरला आहे तो या आठवड्यापासूनच धरून ठेवा.

आधी पोटदुखीबद्दल. ती खरी आहे. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनॅलिन वाढतं, पोटाचा रक्तपुरवठा आणि आतड्यांची हालचाल बदलते. कळा येतात, मळमळतं, संडासला लागतं. मोठ्या माणसांना मुलाखतीच्या दिवशी हेच होतं. रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ आतड्याला आजार नाही एवढाच. दुखत नाही असा नाही. तरी एक खात्री करून घ्या. दुखणं रात्री झोपेतून उठवतं का, वजन घटलंय का, शौचातून रक्त जातं का, ताप येतो का, रविवारी आणि सुट्टीतही तसंच दुखतं का? यातलं काही असेल तर पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडेच जा. तुम्ही लिहिलंय की शनिवारी संध्याकाळी तो मजेत खेळतो आणि रविवारी रात्री जेवत नाही. त्यावरून हे भीतीचं दुखणं असावं असं मलाही वाटतं.

आता रोज सकाळी तुमच्याकडे काय घडतं ते पाहा. साडेसहाला उठवता, सातला दुखायला लागतं, रडारड होते, साडेसातला व्हॅन निघून जाते. ‘बरं, आज राहू दे’ म्हटलं की नऊ वाजेपर्यंत पोट थांबतं आणि दहाला तो पोहे खात टीव्ही बघत असतो. बाबांना इथेच नाटकाची खात्री पटते. पण थांबते ती भीती. शाळा टळली म्हणून ती उतरते आणि तिच्याबरोबर पोटही शांत होतं. घरी राहून मिळणारा हा दिलासा सावकाराच्या कर्जासारखा असतो: आज हातात येतो आणि उद्या व्याजासकट वसूल होतो. अभ्यास बुडतो, मित्र ‘कुठे होता रे’ विचारतील याचं दडपण वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी जड होते. मारल्याने हे सुटत नाही, कारण मग शाळेच्या भीतीत बाबांची भीती मिसळते. आणि ‘बरं वाटेल तेव्हा जा’ असं म्हटल्यानेही सुटत नाही, कारण न जाता बरं वाटण्याचा दिवस येतच नाही.

तो नेमका कशाला घाबरतोय, यावर मात्र बरंच काही अवलंबून आहे आणि ते मला इथून कळणार नाही. काही मुलं शाळेतल्या एखाद्या गोष्टीपासून पळतात: वर्गातला दांडगट मुलगा, व्हॅनमधली चिडवाचिडवी, एखाद्या सरांचा आवाज, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागणं. काहींचा पाय घरातून निघत नाही, कारण त्यांना घरात काहीतरी होईल अशी धास्ती असते: आई आजारी आहे, आईबाबांची भांडणं चालू आहेत, आजोबा नुकतेच गेलेत. काही मुलं उदास असतात. त्यांचं शाळेतूनच नाही, खेळातून आणि खाण्यातूनही मन उडालेलं असतं. आणि काहींना वाचन-लेखनाची अक्षमता असते. ती सहावी-सातवीत धडे मोठे झाले की उघडी पडते, तोवर हुशारीवर झाकून जाते.

एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. सहावीतली, हुशार, अचानक शाळा बंद. घरच्यांना वाटलं परीक्षेची भीती, म्हणून शिकवणी लावली. तिसऱ्या भेटीत मी तिला शाळेचा नकाशा काढायला सांगितला. तिने वर्ग काढले, मैदान काढलं, पाण्याची टाकी काढली, मुलींचं स्वच्छतागृह काढलंच नाही. त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. मैत्रिणीला बाहेर उभं करून जावं लागायचं, आणि ती मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली होती. ही पोर सकाळपासून पाणी न पिता दुपारपर्यंत बसायची आणि मग खरोखरच तिचं पोट दुखायचं. मुख्याध्यापिकांना एक फोन केला, कडी बसली, आणि उरलेलं काम निम्म्यावर आलं. म्हणून ‘तुला शाळेत काय त्रास आहे?’ असा थेट प्रश्न मी सहसा विचारत नाही. मुलं त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर देतात. शाळेच्या दिवसाचा एकेक तास त्याच्याकडून ऐकून घ्या. व्हॅनमध्ये कोण शेजारी बसतं, डबा कोणाबरोबर खातो, कोणत्या तासाला घड्याळ बघतो. तो ज्या तासावर अडखळेल तिथे बहुतेक उत्तर असतं.

आता कोणाकडे जायचं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढे शिकलेले डॉक्टर. निदान करतात, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. बुद्ध्यांकाच्या आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या घेतात, थेरपी करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. खऱ्या माणसाला राग येत नाही. समुपदेशक किंवा काउन्सेलर या पाटीखाली मात्र फार वेगवेगळं शिक्षण घेतलेली माणसं असतात. काही उत्कृष्ट आहेत, काही चार महिन्यांच्या कोर्सवर बसलेली. शिक्षण कुठे झालं, मुलांबरोबर किती काम केलंय, पालकांना भेटीत घेता का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर मी तरी तिथे बारा वर्षांच्या मुलाला पाठवणार नाही. बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगणाऱ्या टेस्टवर तर एक रुपयाही घालवू नका.

मानेवाड्याहून तुम्हाला मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जवळ आहे. तिथे मनोविकृतीशास्त्र विभागाची ओपीडी आहे. मेयोत, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे, मिहानच्या एम्समध्येही आहे. सरकारी ठिकाणी सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा. पहिल्यांदा बहुतेक निवासी डॉक्टर सविस्तर माहिती घेतील आणि मग वरिष्ठ बघतील; यात कमीपणा नाही, अनेकदा तेच सगळ्यात जास्त वेळ देतात. निघताना एवढं विचारा की हेच डॉक्टर पुन्हा कोणत्या वारी असतात, आणि त्याच वारी या. दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायला लागलं की मुलं बोलायची बंद होतात.

कोराडी रोडच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव घेतलं की अनेक घरांत चेहरे पडतात. 1864 पासूनचं ते रुग्णालय आहे आणि आपल्या शहरात त्या रस्त्याच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या टोमणे मारले गेलेत, ही फार अन्यायाची गोष्ट आहे. तिथेही साधी ओपीडी चालते. लोक केसपेपर काढतात, औषध घेतात, घरी जातात. तुमच्या मुलासाठी सर्वसाधारण रुग्णालयातला विभाग पुरेसा आहे. पण ‘भरतीच करून घेतील’ ही भीती काढून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येतं, मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं जबाबदार माणूस सोबत राहतं.

रात्री मुलं झोपल्यावर बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, आणि पालकही फोन करू शकतात. ज्यांची मुलं मनपा किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्यांच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांना अंगणवाडीतल्या मुलाच्या बोलण्या-वागण्याबद्दल आणि शाळेतल्या मुलाच्या शिकण्याबद्दलही सांगता येतं. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक आहेत.

पहिल्या भेटीला शक्यतो तुम्ही दोघंच जा, मुलाला नेऊ नका. मी नेहमी हेच सुचवते. मुलासमोर त्याच्या तक्रारी सांगायला लागलं की तो आरोपी होतो. जाताना आधीचे रिपोर्ट, मागच्या तीन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि त्याच्या दोन वह्या न्या, एक या वर्षीची आणि एक चौथी-पाचवीतली. वहीत जे दिसतं ते तासभर बोलून कळत नाही: अर्धवट सोडलेली वाक्यं, गळलेल्या वेलांट्या, एका तारखेपासून बदललेलं अक्षर. नंतर त्याला न्याल तेव्हा ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेऊ नका. ‘तुझं पोट खरंच दुखतं हे आम्हाला पटलंय. भीतीने असं होतं आणि त्यावर काम करणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांना भेटू या’, इतकं खरं त्याला पेलतं.

त्याच्या बाबांना पटवत बसू नका, त्यांना एक काम द्या. ‘तुम्ही त्याला गाडीवर शाळेपर्यंत सोडा, न बोलता गेटपाशी दहा मिनिटं थांबा’ एवढंच सांगा. माझा अनुभव असा की नाटक आहे म्हणणारे वडील आतून घाबरलेले असतात: हा असाच राहिला तर पुढे काय. हातात काहीतरी करण्यासारखं आलं की त्यांचा आवाज उतरतो. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या तर टाकू दे, त्यात त्यांची माया आहे आणि मुलाला ती कळते. पण कोणी अंगारा खायला घालायला, उपाशी ठेवायला किंवा ‘बाहेरचं काढायला’ मारायला सांगत असेल तर तिथे मधे पडा. अशा अघोरी उपायांवर महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

सोमवारपासून घरात काय करायचं ते सांगते. तो जाणार असो वा नसो, उठायची वेळ तीच, आंघोळ तीच. ‘दुखतंय का?’ हे विचारणं दोघांनीही बंद करा. त्याने सांगितलं तर ‘हो, दुखत असेल, थोड्या वेळाने कमी होईल’ म्हणा आणि पुढचं काम करा. घरी राहायचा नियम आधीच ठरवा: ताप, जुलाब किंवा खरोखरची आजारपणातली उलटी असेल तरच. यात तुमच्याकडे एक अडचण आहे, कारण भीतीनेही त्याला उलटी होते. म्हणून उलटीचं काय करायचं हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून पक्कं करा. घरी राहिलाच तर शाळेच्या वेळात टीव्ही आणि मोबाइल नाही. रागाने सांगायचं नाही, शिक्षा म्हणूनही नाही. घर शाळेपेक्षा जास्त मजेचं होऊ नये एवढ्यासाठी. संध्याकाळी मात्र त्याला खेळायला पाठवा. ‘शाळेत जात नाही तर खेळ बंद’ म्हणून मित्र तोडू नका, त्या मित्रांच्याच ओढीने तो परत जाणार आहे.

आणि परत जाताना पायऱ्या करा. पहिल्या एक-दोन दिवशी शाळा सुटल्यावर नुसतं गेटपर्यंत. मग मधल्या सुट्टीनंतरचा त्याच्या आवडीचा एक तास. मग दोन. मग अर्धा दिवस. प्रत्येक पायरीवर पोट दुखेल, आणि दुखत असतानाही तो तिथे थांबला तर वीस-तीस मिनिटांत ते आपोआप उतरतं हे त्याला स्वतःला अनुभवायचं आहे. घाबरून निघून आला तर दुसऱ्या दिवशी तीच पायरी, मागे जायचं नाही. यासाठी शाळेतलं एक माणूस लागतं: वर्गशिक्षिका, ग्रंथपाल, पीटीचे सर, कोणीही. घाबरल्यावर त्याने न विचारता त्यांच्यापाशी पाच मिनिटं बसावं आणि वर्गात परत जावं, एवढीच सोय मागा. शाळा ‘हजेरी नाही, नाव काढू’ म्हणाली तर घाबरू नका; शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळालाही मनाई आहे. पण सुरुवात कायद्याने करू नका. बहुतेक शिक्षिका नीट सांगितलं की मदत करतात.

वेळेबद्दल एक गोष्ट. इतर भागांत शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे जवळपास जूनअखेर. म्हणजे उन्हाळ्याआधी हा मुलगा वर्गात बसला नाही, तर इतकी लांब सुट्टी त्याच्या भीतीला आयती मिळते. मार्चच्या आत अर्धा दिवस तरी जमायला हवं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी एकदा रिकाम्या शाळेत त्याला फिरवून आणायला हवं. तीन-चार आठवडे बुडालेली मुलं योग्य मदतीने साधारण काही आठवड्यांत मार्गी लागतात. वर्षभर घरी बसलेल्यांना फार जास्त वेळ लागतो.

गोळ्यांचं. सौम्य आणि मध्यम चिंतेत आधी थेरपी आणि पालकांबरोबरचं काम, औषध नाही. चिंता खूप तीव्र असेल किंवा उदासीनता असेल तर मानसोपचारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिनसारखं औषध सुचवतात. त्याचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बंद करताना डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. बरं वाटलं म्हणून स्वतःच तोडू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत मूल अस्वस्थ, चिडचिडं झालं किंवा मरणाच्या गोष्टी करू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची. घरातल्या कोणाची तशी गोळी ‘अर्धी देऊन बघू’ म्हणून कधीही देऊ नका.

शिक्क्याचं. 2017 च्याच कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवायची आहे. शाळेला आपोआप काही कळत नाही. काय द्यायचं ते तुम्ही ठरवता. मी देते त्या चिठ्ठीत निदान नसतं, ‘याला पुढील काही आठवडे अमुक सवलत द्यावी’ एवढंच असतं. चाचण्यांत अध्ययन अक्षमता निघाली तर मात्र लपवण्यात मुलाचं नुकसान आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात ती समाविष्ट आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. शासनाने नेमलेल्या रुग्णालयातून त्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्याला बऱ्याच खेपा होतात, म्हणून आठवीतच सुरू करा. दहावीच्या डिसेंबरात धावणारे पालक मी दर वर्षी बघते.

गोपनीयतेला एक मर्यादा आहे, ती तुम्हाला आधीच माहीत असावी. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. तो तुमच्यापाशी असं काही बोलला तर उलटतपासणी करू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ म्हणा आणि मदत घ्या; चाइल्डलाइनचा क्रमांक 1098.

आणि एका बाबतीत मात्र पायऱ्या, वह्या, सोमवार, कशाचीही वाट बघू नका. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं तो बोलला, अंगावर जखमा दिसल्या, खाणंच सोडलं, रात्र रात्र जागा राहिला किंवा कानात आवाज येतात म्हणाला, तर त्याच दिवशी मेडिकलच्या कॅज्युअल्टीत न्या. ‘मरावंसं वाटतं का?’ हे त्याला स्पष्ट विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध, गावाकडून आणलेलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

उद्याच वर्गशिक्षिकांना फोन करून तो एक तास आणि ते एक माणूस मागा. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहा. नाही म्हणाल्या तर मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज मी लिहून देते.